टोन नसलेली लाईन

अर्जात रकाना होता: जोडणी कशासाठी हवी.
मी लिहिलं, हलगीसाठी.
नांदेडच्या दूरसंचार कार्यालयातल्या कौठेकरबाईंनी
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ते खोडलं,
वर लिहिलं, 'प्रसारण. तात्पुरते. दिवस तीन.'
मग डिमांड नोट, मग चलन, मग बँकेची जेवणाची सुट्टी,
मग एक्स्चेंजचं कार्ड, जे कंधारला नव्हतंच,
ते मुखेडच्या गाडीत
कंडक्टरच्या मांडीवर बसून गेलं.

साध्या लाईनीवरूनही गेला असता आवाज.
पण साधी लाईन हलगीची नुसती हाडं पोचवते,
कातडं वाटेतच गळतं.
आम्हाला आकड्यांची लाईन हवी होती:
दोन वाटा चौसष्ट-चौसष्टच्या,
आणि बाजूनं एक बारकी, निरोप्यासारखी.

खाजामियाँ लाईनमन. छत्तीस वर्षं खांबावर.
डावा कान कामाचा, उजवा एका वळवाच्या विजेनं नेलेला.
एक्स्चेंजपासून शाळेच्या मैदानापर्यंत
तांब्याची एक जोडी त्यांनी तीन पेट्यांतून हुडकून काढली,
लग्नघराच्या दारातून आपली चप्पल हुडकावी तशी.
ओलं बोट लावलं, हात झटकला, म्हणाले, जित्ती हाय.

आणि मग कार्ड बसलं, आणि टोन गेला.
त्यांनी जोड कापला, पुन्हा पिळला, पुन्हा कापला.
"मॅडम, टोनच येईना की. मेली ही."
या लाईनीला टोन नसतो, मी म्हटलं.
त्यांनी असं पाहिलं,
जसं मी म्हटलं असावं, या गावाला माती नसते.
छत्तीस वर्षं एकाच खुणेवर काढलेली:
घूं आलं की चालू,
नाही आलं की चढा,
रात्री दोनलाही, कुणाच्या तरी मयतीचा निरोप अडलाय म्हणून.

कडेला मरिबा वाघमारे तुराट्या पेटवून हलगी शेकत होते.
तापली की बोट फिरवायचे, निवली की पुन्हा जाळावर.
"लागली का वो तुमची तार?"
दर तुराटीला एकदा.
नव्हती लागली. नंबरातल्या नऊला
कुणीतरी एक वाचलं होतं,
आणि मी मुख्याध्यापकांच्या फोनवरून नांदेडला ओरडत होते,
नऊ! नवरात्रातले नऊ!

साडेसहाला पेटीवरचा दिवा लुकलुकायचा थांबला,
हिरवा होऊन बसला.
हेडफोनमध्ये देगलूरकर बोलले, इतके जवळून
की मी मागं वळून पाहिलं.

एक गोष्ट मरिबांना सांगितली नाही.
ही पेटी आवाज आहे तसा नेत नाही.
कानाला कळणार नाही असं जे तिला वाटतं
ते ती सोडून देते.
कुणाच्या कानाला, हे ज्यांनी ठरवलं
ते कंधारला कधी आले नसणार.
टिपरू पडायच्या आधीच पलीकडे
एक सावली ऐकू यायची, पिठूळ, केसभर लवकर.
देगलूरकर म्हणाले, चालेल.
मी म्हटलं, घ्या मग.

सातला मरिबा उभे राहिले,
आणि सातवी 'ब'च्या खिडकीची सैल काच
पहिल्या टिपरूपासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत वाजली.

खाजामियाँ दिसेनात.
कुंपणाशी, पेटीपुढं उकिडवे,
चिमटे जोडीला लावलेले, डाव्या कानाशी टेस्टर.
काय येतंय?
"तव्यावर तीळ टाकल्यावानी. नुस्ती चरचर."
मग बऱ्याच वेळानं,
"ह्याच्यात मरिबा हाय?"
आहे.

दहा पावलांवर खरी हलगी वाजत होती.
तिच्याकडे त्यांनी गेलेला कान केला
आणि राहिलेल्या कानानं
ती चरचर ऐकत बसले,
साडेसातला नांदेडनं बातम्या लावेपर्यंत.